लोकप्रशासन आणि अमेरिकेची शासनसंस्था : परिभाषेच्या अंगाने काही विचार

१

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गापुढे परिभाषेविषयी दोनचार व्याख्याने देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर अधूनमधून येतो. लेखकाचा विषय भाषाशास्त्र. राज्यशास्त्रात अधिकारवाणीने बोलण्याचा त्याला हक्क नाही. परंतु अशाच एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मुळात भाषेचाच निघाला. तिने विचारले, “सर, परराष्ट्र सचिव म्हणजे सनदी अधिकारी. मग त्याच्या नेमणुकीला अमेरिकेच्या सिनेटची संमती कशासाठी लागते? आणि अध्यक्ष बदलला की सचिवही बदलतो, असे का? सनदी नोकर राजकारणापासून अलिप्त असतो, असे तर आम्ही लोकप्रशासनाच्या पेपरात लिहितो.”

प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. दोन पेपर मन लावून वाचलेल्या आणि ते एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या विद्यार्थिनीचा तो प्रश्न होता. चूक तिची नव्हती. ‘सचिव’ या शब्दाने दिल्लीतील अधिकारी उचलून वॉशिंग्टनला नेऊन बसविला होता. पण ही एवढी एक चूक दुरुस्त केल्याने तिचे समाधान होण्यासारखे नव्हते. प्रशासन राजकारणापासून अलिप्त असते, हे जे विधान तिने पाठ केले होते, ते ज्या देशात जन्मले, त्याच देशाच्या शासनसंस्थेत ते तिला कोठे सापडेना, ही तिची खरी अडचण होती.

आपल्याकडील अभ्यासक्रमांत ‘लोकप्रशासन’ आणि ‘अमेरिकेची शासनपद्धती’ हे विषय बहुधा वेगवेगळ्या पेपरांत येतात आणि वेगवेगळ्या वेळी वाचले जातात. पहिल्यात तत्त्वे, दुसऱ्यात संस्थांचे वर्णन, अशी वाटणी झालेली असते. ही वाटणी सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे, आणि त्या दिशाभुलीला आपली मराठी परिभाषा पुष्कळ अंशी साह्य करते, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम ‘गव्हर्नमेंट’ हा शब्द घेऊ. अमेरिकन विद्यापीठांत ‘अमेरिकन गव्हर्नमेंट’ या नावाचा अभ्यासक्रम पदवीच्या आरंभीच्या वर्षांत शिकविला जातो. त्यात काँग्रेसची दोन्ही सभागृहे, अध्यक्ष, न्यायालये, पक्ष, निवडणुका, हितसंबंधी गट आणि घटकराज्ये या सर्वांचा समावेश होतो. म्हणजे तेथे ‘गव्हर्नमेंट’ हे शासनसंस्थेच्या तिन्ही अंगांना मिळून दिलेले नाव आहे. आपल्याकडे ब्रिटिश संसदीय प्रघातामुळे या शब्दाला मुख्यतः सत्तारूढ मंत्रिमंडळाचा अर्थ चिकटला, आणि मराठीतील ‘सरकार’ हा फारसीतून आलेला शब्द त्याच अर्थाने रूढ झाला. त्यामुळे ‘अमेरिकन सरकार’ असे म्हणताच आपल्या मनासमोर केवळ अध्यक्ष आणि त्याचे सहकारी उभे राहतात. काँग्रेस व न्यायालये सरकारच्या बाहेर जातात.

या फरकाची कसोटी एका क्रियापदावर पाहता येते. आपल्याकडे सरकार ‘पडते’. अमेरिकेत ते पडत नाही. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची ठरलेली असते आणि महाभियोगाचा मार्ग सोडला तर काँग्रेसला त्याला दूर करता येत नाही. तेथे सरकार ‘बंद पडते’. काँग्रेसने वेळेत खर्चाला मंजुरी दिली नाही तर अत्यावश्यक कामे वगळून खात्यांचे व्यवहार थांबतात. १ ऑक्टोबर २०२५ रोजी असे झाले, आणि ते व्यवहार त्रेचाळीस दिवस थांबले. आपल्याकडे लोकसभेने अनुदानाची मागणी फेटाळली तर मंत्रिमंडळाला अधिकारावर राहणे शक्य होणार नाही. पेच सुटतो तो मंत्रिमंडळाच्या जाण्याने. अमेरिकेत कोणीच जात नाही, म्हणून पेच तसाच राहतो आणि त्याचा भार कार्यालयांवर व कर्मचाऱ्यांवर पडतो. ‘पडणे’ आणि ‘बंद पडणे’ या दोन क्रियापदांत संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींमधील भेद जितका उतरला आहे, तितका पानभर व्याख्येतही क्वचित उतरतो.

आता ‘सचिव’. अमेरिकेत ‘सेक्रेटरी’ म्हणजे खात्याचा राजकीय प्रमुख. अध्यक्ष त्याची निवड करतो, सिनेट संमती देते, आणि अध्यक्ष त्याला केव्हाही दूर करू शकतो. आपल्याकडे हे स्थान मंत्र्याचे. सचिव हा त्याच्या हाताखालील कायम सेवेतील अधिकारी. ‘परराष्ट्रमंत्री’ असे म्हटले तर निदान दर्जा बरोबर उतरतो, जरी तो काँग्रेसचा सभासद असू शकत नाही हा फरक उरतोच.

नामसादृश्याचा हा धोका आपल्या घटनाकारांच्या ध्यानात होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रथम हाच मुद्दा हाताळला. भारताच्या संघाच्या प्रमुखाला ‘प्रेसिडेंट’ हे नाव दिले असले तरी या नावापलीकडे अमेरिकन पद्धतीत आणि मसुद्यातील पद्धतीत काहीही समान नाही, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेचा अध्यक्ष आपल्या सेक्रेटरींचा सल्ला मानण्यास बांधलेला नाही. भारताचा राष्ट्रपती सामान्यतः मंत्र्यांच्या सल्ल्याने बांधलेला राहील, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, आणि १९१५ साली एम. ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर व अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेल्या विद्वानाने नाव आणि वस्तू यांतील अंतर आधी मोजून घ्यावे, हे सर्वस्वी उचित होते.

३

यांहून अवघड शब्द ‘अॅडमिनिस्ट्रेशन’ हा होय. अमेरिकन इंग्रजीत त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक अर्थ व्यक्ती व कालखंड यांचा : अमुक अध्यक्ष, त्याने नेमलेली माणसे आणि त्यांची कारकीर्द. दुसरा अर्थ कार्याचा : कायदे अमलात आणण्याचे, खाती चालविण्याचे अखंड काम. पहिला अर्थ पूर्णपणे राजकीय आहे. दुसरा, निदान दाव्यापुरता, राजकारणापासून अलिप्त. मराठीत आपण दोहोंसाठी ‘प्रशासन’ हा एकच शब्द योजतो. वृत्तपत्रांत ‘बायडेन प्रशासन’, ‘ट्रम्प प्रशासन’ असे प्रयोग रुळले आहेत. ‘प्रशासनाने प्रशासनातील माणसे कमी केली’ असे वाक्य उद्या कोणी लिहिले तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल. पण त्यातील पहिले प्रशासन आणि दुसरे प्रशासन यांत मालक आणि नोकर यांच्याइतके अंतर आहे, हे वाचकाला कळणार नाही.

शब्दाच्या इतिहासाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. लॅटिनमधील मूळ शब्दाचा संबंध सेवेशी आहे. ‘मिनिस्टर’ म्हणजे मुळात सेवक. उलट संस्कृत ‘प्रशासन’ ‘शास्’ या धातूपासून आलेला असून त्यात आज्ञेचा भाव आहे. बृहदारण्यक उपनिषदात सूर्यचंद्र ज्या अक्षरतत्त्वाच्या हुकमतीत राहतात त्या हुकमतीला ‘प्रशासन’ हाच शब्द आहे. म्हणजे ज्या शब्दाने एकेकाळी सर्वोच्च आज्ञा दर्शविली, त्याचा आपण आज्ञेच्या अंमलबजावणीपुरता संकोच केला. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राचे पहिले पथ्य आहे. म्हणून यावरून कोणताही निष्कर्ष काढावयाचा नाही. मात्र प्रशासनाचा ‘निव्वळ अंमलबजावणी’ हा अर्थ शब्दात उपजत नसून तो एका विशिष्ट काळी, विशिष्ट हेतूने घडविला गेला, एवढे त्यावरून सुचते.

जुन्या मराठीत या अर्थासाठी ‘कारभार’ हा शब्द होता, आणि त्यात असे विभाजन नव्हते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू, नाना फडणवीस प्रभृतींनी जो ‘बारभाईंचा कारभार’ उभा केला, तो केवळ दप्तर सांभाळण्याचा उद्योग नव्हता. राज्य कोणाचे, हाच त्यातील प्रश्न होता. पुढे हा शब्दप्रयोग अनेकांच्या हातातील गोंधळाचा वाचक बनला ही गोष्ट वेगळी. परंतु सत्ताधारी मंडळी आणि त्यांची कारकीर्द या अर्थी अमेरिकन ‘अॅडमिनिस्ट्रेशन’ ज्याला म्हणतात त्याच्या हा ‘कारभार’ पुष्कळ जवळ जातो. वर्गात शिकविताना पहिल्या अर्थी ‘कारभार’ किंवा ‘कारकीर्द’ आणि दुसऱ्या अर्थी ‘प्रशासन’ असा भेद पाळला तर निम्मा घोटाळा टळतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

४

हे दोन अर्थ अमेरिकेत वेगळे झाले कसे, याचे उत्तर त्या देशाच्या शासनसंस्थेच्या इतिहासात आहे; लोकप्रशासन या विद्याशाखेचा जन्मही तेथेच आहे.

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झालेल्या अमेरिकन राज्यघटनेत ‘अॅडमिनिस्ट्रेशन’ हा शब्दच येत नाही. कार्यकारी सत्ता अध्यक्षाच्या ठायी असेल, कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होते की नाही याची तो काळजी घेईल, खातेप्रमुखांकडून तो लेखी अभिप्राय मागू शकेल, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुका सिनेटच्या संमतीने होतील, एवढेच तीत आहे. नेमलेल्या अधिकाऱ्याला काढावयाचे कोणी, याविषयी महाभियोगाखेरीज ती काही बोलत नाही. खाती मात्र काँग्रेसच्या कायद्याने निर्माण होतात आणि काँग्रेसच्या पैशावर चालतात. तात्पर्य, अमेरिकेतील नोकरवर्गाला प्रथमपासून दोन धनी आहेत.

घटनेने मोकळी ठेवलेली ही जागा प्रथम पक्षांनी भरून काढली. अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीपासून (१८२९ ते १८३७) निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने सरकारी जागा आपल्या माणसांत वाटावयाच्या ही प्रथा बळावली. तिला ‘लूटपद्धती’ हे नाव पडले. २ जुलै १८८१ रोजी नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका उमेदवाराने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली. सप्टेंबरात ते निधन पावले. लोकमत खवळले आणि १८८३ साली पेंडलटन कायदा संमत झाला. स्पर्धापरीक्षेने भरती आणि राजकीय कारणावरून बडतर्फीस बंदी ही त्याची दोन मुख्य कलमे. आरंभी केंद्रीय नोकऱ्यांपैकी सुमारे एक-दशांश जागाच त्याच्या कक्षेत आल्या. पुढे ती कक्षा वाढत गेली.

या पार्श्वभूमीवर १८८७ साली वुड्रो विल्सन यांचा ‘द स्टडी ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’ हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले विल्सन त्या वेळी अध्यापक होते. प्रशासनाचे क्षेत्र हे व्यवहाराचे क्षेत्र असून राजकारणाच्या धांदलीपासून ते दूर असले पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ते ज्या संदर्भात केले गेले तो संदर्भ मात्र फारसा ठाऊक नसतो. लूटपद्धतीशी झगडणाऱ्या सुधारणावाद्याचे ते विधान होते. प्रशासन राजकारणापासून वेगळे ‘आहे’ असे ते वर्णन नव्हते. ते वेगळे ‘असावे’ असा तो आग्रह होता. मराठीतील विध्यर्थ आणि वर्तमानकाळ यांतला हा फरक आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठेतरी गळून पडला.

त्याच निबंधातील आणखी एक विचार भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटतो. प्रशासनाचे शास्त्र फ्रान्स व प्रशिया या देशांत वाढले आहे. ते आपणांस हवे असेल तर त्याला केवळ भाषेने नव्हे, तर विचाराने, तत्त्वाने आणि उद्दिष्टाने अमेरिकन करून घ्यावे लागेल, असे विल्सन यांनी बजाविले होते. म्हणजे अमेरिकनांनीही हे शास्त्र भाषांतरानेच मिळविले. पण ते भाषांतर शब्दांपाशी थांबू नये, याची जाणीव त्यांच्यापाशी होती.

५

पुढील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९०० साली फ्रँक गुडनाऊ यांनी राज्याच्या इच्छेची अभिव्यक्ती म्हणजे राजकारण आणि त्या इच्छेची अंमलबजावणी म्हणजे प्रशासन, अशी मांडणी केली. १९२४ साली सिराक्यूज विद्यापीठात मॅक्सवेल स्कूल सुरू झाले. १९२६ साली लेनर्ड व्हाइट यांचे या विषयावरील पहिले पाठ्यपुस्तक निघाले. १९३७ साली गुलिक व अर्विक यांनी संपादिलेल्या लेखसंग्रहात ‘पोस्डकॉर्ब’ हे सूत्र आले, ज्यातील सात कार्यांवर आजही कित्येक उत्तरपत्रिका उभ्या असतात.

मग उलट लाट आली. हर्बर्ट सायमन यांनी १९४७ साली या तथाकथित तत्त्वांची परस्परविसंगती दाखविली. ड्वाइट वाल्डो यांनी १९४८ साली कार्यक्षमतेच्या या शास्त्रामागे एक राजकीय तत्त्वज्ञान दडलेले आहे, हे उघड केले. १९४९ साली पॉल अॅपलबी यांनी धोरण आणि प्रशासन यांना वेगळे करता येत नाही. प्रशासन हीसुद्धा एक राजकीय प्रक्रियाच आहे, असे प्रतिपादिले.

हे अॅपलबी आपणांस अपरिचित नाहीत. मॅक्सवेल स्कूलचे प्रमुख असताना ते भारतात आले; १९५३ साली त्यांनी भारतीय प्रशासनाचा अहवाल सादर केला; १९५४ साली दिल्लीला भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली, ती त्याच अहवालाच्या शिफारशीनुसार. ज्या विद्वानाच्या शिफारशीने हा विषय आपल्याकडे प्रतिष्ठित झाला, त्याने राजकारण व प्रशासन यांचे द्विभाजन आधीच अमान्य केले होते. असे असूनही ते द्विभाजन आपण पुढे अनेक वर्षे शास्त्राचा सिद्धांत म्हणून शिकवीत आलो. अमेरिकेची शासनसंस्था शेजारच्या पेपरात होती. ती उघडून पाहिली असती तर हे घडले नसते.

६

हा सर्व जुना इतिहास आहे, असे मात्र समजू नये. अलीकडील दोन घटना पाहाव्यात.

पहिली अधिकारी दूर करण्याच्या अधिकाराविषयी. ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशाने ‘शेड्यूल एफ’ नावाचा वर्ग निर्माण केला. धोरणाशी संबंध येणाऱ्या पदांवरील कायम कर्मचाऱ्यांना त्यात घालून त्यांचे सेवासंरक्षण काढून घ्यावे, असा त्याचा आशय होता. जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी तो आदेश रद्द केला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो थोड्या वेगळ्या नावाने पुन्हा आणला. वादाचा गाभा १८८३ सालचाच होता : धोरण कोठे संपते आणि अंमलबजावणी कोठे सुरू होते? आदेशाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की जो धोरण घडवितो तो लोकनियुक्त अध्यक्षाला उत्तरदायी असावयास हवा. विरोधकांचे म्हणणे असे, की या वाटेने लूटपद्धती परत येईल. गंमत अशी की धोरण व प्रशासन अविभाज्य आहेत हा अॅपलबींचा विचार येथे पहिल्या पक्षाच्या उपयोगी पडतो. ज्याला हे द्विभाजन केवळ ‘खोटे’ म्हणून शिकविले गेले आहे, त्याला या वादात काय पणाला लागले आहे हे कळणार नाही. ज्याला ते ‘खरे’ म्हणून शिकविले गेले, त्यालाही कळणार नाही.

दुसरी घटना शब्दार्थाविषयीच आहे. १९८४ सालच्या शेव्हरॉन खटल्यात स्वच्छ हवेच्या कायद्यातील प्रदूषणाचा ‘स्थिर स्रोत’ म्हणजे काय, असा प्रश्न होता. कारखान्यातील प्रत्येक यंत्र हा एक स्रोत, की सगळा कारखाना मिळून एक? कायद्यातील शब्द संदिग्ध असेल तर संबंधित प्रशासकीय संस्थेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा, असा दंडक त्या निकालाने घातला. २८ जून २०२४ रोजी लोपर ब्राइट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो दंडक मोडीत काढला. १९४६ सालच्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्याचा आधार घेऊन, अर्थनिर्णय न्यायाधीशांनी स्वतंत्र बुद्धीने केला पाहिजे, असे त्याने ठरविले. एका शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न येथे सत्ताविभाजनाचा प्रश्न बनतो. ‘प्रशासन म्हणजे निव्वळ अंमलबजावणी’ असे मानले तर हा खटला उभाच राहू शकत नाही. कारण अंमलबजावणी करणाऱ्याला प्रथम अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावणे ही निम्मी कायदेनिर्मितीच आहे.

७

आपल्या स्थितीशी तुलना केली म्हणजे या अभ्यासाचा लाभ दिसतो. अमेरिकेत नोकरवर्गाचे संरक्षण कायद्यांवर आणि अध्यक्षीय आदेशांवर उभे आहे. भारताच्या राज्यघटनेत मात्र सेवांसाठी स्वतंत्र चौदावा भाग आहे. अनुच्छेद ३११ ने चौकशीविना बडतर्फीला सामान्यतः मज्जाव केला, आणि अनुच्छेद ३१५ ने लोकसेवा आयोग घटनात्मक केले. घटनेत प्रशासनाचा इतका तपशील का घातला, या आक्षेपाला डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या त्याच भाषणात उत्तर दिले होते. घटनेचे रूप न बदलताही केवळ प्रशासनाचे रूप बदलून घटना विकृत करता येते, असा त्यांचा इशारा होता. राजकारण आणि प्रशासन यांच्या संबंधाविषयी याहून नेमके विधान प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. परंतु आपल्या लोकप्रशासनाच्या पुस्तकांत विल्सन यांच्या निबंधाला जे स्थान आहे, ते याला नाही.

विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की हे दोन पेपर एकत्र वाचावेत. ‘लोकप्रशासन’ या पुस्तकातील प्रत्येक सिद्धांतापुढे तो कोणत्या साली, अमेरिकेतील कोणत्या झगड्यात मांडला गेला, हे समासात लिहावे. आणि परिचित मराठी शब्द दिसला की तेथे क्षणभर थांबावे. अपरिचित शब्द कोशाकडे पाठवितो. परिचित शब्द मात्र कोशाकडे जाऊ देत नाही. आपल्या गव्हर्नराची नेमणूक राष्ट्रपती करतो, तेथील गव्हर्नर मतदार निवडतात. मुंबईत कार्यकारी सत्ता १८८८ च्या महापालिका कायद्याने आयुक्ताकडे आहे आणि महापौर सभेचा अध्यक्ष. न्यूयॉर्कचा महापौर स्वतः शहराचा कारभार चालवितो. नावे तीच, माणसे वेगळी.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरेच होते. ‘सचिव’ऐवजी ‘मंत्री’ वाच, एवढेच तिला सांगता आले. पुढच्या तासाला ती दोन्ही पेपरांच्या वह्या घेऊन आली. ‘प्रशासन राजकारणापासून अलिप्त असते’ या आपल्या जुन्या वाक्यातील ‘असते’वर तिने काट मारली होती. तेथे ‘असावे’ असे लिहून, शेजारी १८८३ हा आकडा आणि एक प्रश्नचिन्ह तिने मांडले होते. लेखकाच्या मते ते प्रश्नचिन्ह तसेच राहू द्यावे.